कुंपणावरचा शर्ट

पुंडलिकभाऊ रामटेके फेरीवरून घरी आले आहेत की नाहीत, हे मला त्यांच्या शर्टावरून कळायचं. आमच्या दोन घरांच्या मध्ये तारेचं कुंपण आहे. त्याच्या पार टोकाला, घरापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, खाकी शर्ट आणि पँट लटकलेली दिसली की समजायचं, भाऊ आले. धुतलेले कपडे नव्हेत, अंगातून काढलेले, घामट, तसेच. ते एक अख्खा दिवस वाऱ्यावर राहायचे आणि मगच त्यांची बायको, इंदुवहिनी, ते भिजवायला घ्यायची.

आम्ही वणीत नवीन राहायला आलो तेव्हा या शर्टावरून माझ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात नाक मुरडलं होतं. लोकांच्या डोळ्यांसमोर मळके कपडे टांगायची ही कुठली रीत, असं त्यांचं म्हणणं. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शिकवणाऱ्या माणसाला सगळ्यांना सुधारायची खोड असते, तशी मलाही आहे. मी वहिनींना हसत हसत सुचवलं, की कपडे मागच्या अंगणात टाकले तर बरं.

"मागं पान्याची चूल हाये ना वो मॅडम," वहिनी म्हणाल्या. "थे चुलीच्या जवळ कपडे नेऊच देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पुंडलिकभाऊ स्वतः आले. उंच, वाळलेले, कानावर पांढरे केस, आणि बोलण्याआधी नाकाने हवा ओढून घ्यायची सवय. फाटकाच्या बाहेरच उभे राहिले.

"मॅडम, मी कंडेन्सेटचा टँकर चालवतो. कपड्यात वास बसते. वास म्हनजे थेच असते, फक्त दिसत नाही. आईले सांगा, राग मानू नका."

मी वर्गात हा शब्द आयुष्यात दोनदा उच्चारला असेल. आंध्रच्या किनाऱ्याकडे जमिनीखालून गॅस काढतात, तेव्हा गॅसबरोबर एक पातळ, पाण्यासारखं नितळ तेल वर येतं. दाब उतरला, गॅस निवला, की ते वेगळं होतं. तेच कंडेन्सेट. पेट्रोलचा सख्खा भाऊ म्हणा, पण डोक्याने जास्त गरम. पुंडलिकभाऊ ते तिकडून भरून घ्यायचे आणि आदिलाबाद, पांढरकवडा करत नागपूरकडच्या एका कारखान्यात पोचवायचे. तिथे त्यापासून रंगात आणि गोंदात घालायचे द्रव बनतात. गाडीचे मालक वणीचे, त्यामुळे मध्ये एक मुक्काम घरी. भरलेली गाडी गावाबाहेरच्या तळावर आणि भाऊ तिथून सायकलवर.

वणीत ट्रकांना तोटा नाही. कोळशाच्या गाड्या इतक्या, की सकाळी वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी करडी होते. ते ड्रायव्हर दणक्यात जगतात, हॉर्न वाजवत येतात, हॉर्न वाजवत जातात. त्यांच्यात पुंडलिकभाऊ म्हणजे चेष्टेचा विषय. त्यांना ते 'मास्तर' म्हणायचे. भाऊ गाडीतल्या मालाला 'पाहुणी' म्हणत. "पाहुणी सोबत आहे, दमानं." "पाहुणी उतरवली, आता चहा." खड्डा चुकवताना ते तोंडाने 'हळू बाई, हळू' असं म्हणतात, हे मला त्यांच्यासोबत एकदा रिकाम्या टँकरमधून पांढरकवड्याला गेलेल्या माझ्या नवऱ्याने सांगितलं. रिकाम्या गाडीतही म्हणत होते!

घरी आल्यावर आंघोळ होईपर्यंत ते आत यायचे नाहीत. वहिनी संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायच्या, आणि भाऊ त्या वेळी पोचले तर उंबऱ्याच्या बाहेरून, अंगणातूनच हात जोडायचे. मेणबत्ती कधी त्यांनी स्वतः लावली नाही. त्यांच्या खिशात काडेपेटी नाही, हातात काडी नाही. "माह्या हाताले सवय लागली तं हात इचार न करता ओढन," असं ते म्हणायचे.

सासूबाईंचं मत फिरलं ते त्यांच्या नाकामुळे. एकदा आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले, दोनदा हवा ओढली, आणि म्हणाले, "आई, गॅसची नळी बदला."

"तुम्हाले कोनं सांगितलं?"

"नाकानं."

नळी काढून पाहिली तर मागच्या बाजूला, सिलिंडरच्या तोंडाशी, केसाएवढी चीर. घरात रसायनशास्त्र शिकवणारी बाई असून ही परिस्थिती, हे सासूबाईंनी मला पुढे वर्षभर ऐकवलं. त्या दिवसापासून घरात ठेचा झाला की पहिली वाटी कुंपणापलीकडे जायची, आणि शर्टाबद्दल कोणी ब्र काढला नाही.

मी त्यांना एकदा कॉलेजात बोलावलं. ज्वलनशील द्रवांचा धडा होता. त्यांनी वर्गात शिरल्या शिरल्या सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले, प्रयोगशाळेतल्या सगळ्या गॅसच्या चाव्या एकेक हात लावून पाहिल्या, त्यातल्या दोन घट्ट पिळल्या आणि मग बोलायला उभे राहिले. आमचे प्राचार्य मागच्या बाकावर बसले होते, ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मग मी माझा आवडता प्रयोग दाखवला. पत्र्याची एक लांब पन्हाळ उतरती धरायची. खालच्या टोकाशी जळती मेणबत्ती. वरच्या टोकाला पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा. मध्ये काहीच दिसत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती पन्हाळीतून गुपचूप खाली उतरते, मेणबत्तीला भेटते, आणि एकदम भक्कन ज्वाळ उलटी चढत वरच्या बोळ्यापर्यंत जाते. पोरं टाळ्या वाजवतात. त्या दिवशीही वाजवल्या. पुंडलिकभाऊ मात्र ठरल्यापेक्षा निम्मंच बोलले आणि निघाले.

संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं.

"मॅडम, तुमच्या त्या पन्हाळीतून महादूचे हात गेले."

महादू म्हणजे आदिलाबादच्या अलीकडच्या एका ढाब्यावरचा स्वयंपाकी. पुंडलिकभाऊ या धंद्यात नवे असताना गाडी ढाब्यामागे लावून जेवायला बसले होते. मागचा व्हॉल्व्ह ठिबकत होता. महादूने विचारलं, भाऊ, हे काय गळून राह्यलं? खरं सांगितलं असतं तर ढाबेवाल्याने ताटावरून उठवून गाडी काढायला लावली असती. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"म्हनलं, पानी आहे. गाडी धुतली. थो बिचारा गेला भट्टीकडे. नाली भट्टीच्या मागूनच जात होती." ते हाताच्या कोपराला बोट लावून थांबले. "दोन्ही भाजले, इथपरेंत."

महादू वाचला. आता पोळ्या लाटत नाही, टेबलं पुसतो. भाऊ प्रत्येक फेरीला त्याच ढाब्यावर जेवतात. महादू त्या गोष्टीचं नाव काढत नाही, फक्त ताटात कांदा जास्त ठेवतो. "शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं," भाऊ म्हणाले.

तेव्हापासून टँकरमध्ये काय आहे हे जो विचारेल त्याला ते खरं आणि पूर्ण सांगायचे. न विचारणाऱ्यालाही सांगायचे. नाक्यावरच्या हवालदाराने 'काय आहे गाडीत' म्हटलं की बाकीचे 'तेल' म्हणून मोकळे होतात. हे म्हणायचे, "साहेब, पहिले बिडी इझवा, मंग सांगतो." मग सांगायचे, गॅसच्या विहिरीपासून सुरुवात करून. हवालदार हात जोडून गाडी सोडायचे.

आता जे सांगणार आहे ते मी पाहिलेलं नाही. काही भाऊंनी सांगितलं, काही त्या गावच्या लोकांनी.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. कापूस फुटला होता. करंजीच्या अलीकडे एका गावाजवळ, भरदुपारी, शेताच्या पांदणीतून कापसाचं गाठोडं घेतलेली एक मोटरसायकल अचानक रस्त्यावर आली. भाऊंनी गाडी डावीकडे घेतली. पावसाने रस्त्याची कड मऊ झाली होती. काळ्या मातीत चाकं रुतली आणि भरलेला टँकर, म्हैस बसते तसा, हळूहळू कुशीवर बसला. भाऊंचं गळ्याजवळचं हाड मोडलं. वरच्या झाकणातून पाहुणी बाहेर पडली आणि शेजारच्या जवळपास कोरड्या नाल्यात वाहायला लागली.

गाव धावत आलं. चांगली माणसं. त्यांनी आधी भाऊंना काचेतून बाहेर काढलं, सावलीत बसवलं, पाणी पाजलं. भाऊंनी पाणी प्यायच्या आधी सगळ्यांना बिड्या फेकायला लावल्या. मग वास सुटला.

"पेट्रोल हाये बे!"

एवढं पुरलं. जो तो घराकडे पळाला. डबे आले, बादल्या आल्या, दुधाच्या कॅन आल्या, फवारणीचे रिकामे पंप आले. भाऊ एक हात लोंबकळत नाल्याच्या काठावर उभे राहून ओरडत होते, "अरे पेट्रोल नोहे, पेट्रोलपेक्षा जालीम आहे! कंडेन्सेट आहे!"

एकाने डबा बुडवता बुडवता विचारलं, "गाडीले चालते ना भाऊ?"

आणि या माणसाने, अशा वेळी, खरं उत्तर दिलं. "चालते, पन इंजिन खाते."

पहिला शब्द सगळ्यांनी ऐकला. पुढचे तीन कोणी ऐकले नाहीत. ज्यांनी एक डबा आणला होता ते दुसरा आणायला गेले. काठावर एक बाई कडेवर तान्हं घेऊन, हातात प्लास्टिकची बाटली धरून जागा शोधत होती. आणि वरून एक मोटरसायकल, इंजिन चालू, सरळ नाल्यात उतरत होती.

भाऊ ओरडले, "फवारनीचं औषध आहे रे! कपाशीचं! जहर आहे जहर!"

आमच्या जिल्ह्यात हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. फवारता फवारता शेतात कोसळलेली माणसं इथल्या गावांनी खाटेवर घालून दवाखान्यात नेलेली आहेत. डबे जागच्या जागी पडले. मोटरसायकलवाल्याने गाडी तिथेच टाकली, इंजिन बंद पडलं. बायांनी पदर तोंडाला लावले आणि लेकरं उचलून पळाल्या. पाच मिनिटांत नाल्यात माणूस उरला नाही. अग्निशामकची गाडी आली तेव्हा भाऊ एकटेच वाटेच्या मध्ये उभे होते. तिने फेस मारला, माती टाकली. काहीच झालं नाही. आणि काही झालं नाही, म्हणून काय झालं असतं हे कोणालाच कळलं नाही.

भाऊ हात झोळीत बांधून घरी आले. चार दिवसांनी मालकाचा निरोप आला. त्या गावातली माणसं मालकाच्या ऑफिसात येऊन औषधाचं नाव विचारत होती, कारण दवाखान्यात सांगायला हवं; त्यांना काही न सांगताच परत पाठवलं होतं. भर लोकांत चुकीचा माल सांगितला, आता घरीच बसा, असा तो निरोप होता. मला राग आला, मी बोलायला निघाले, तर भाऊंनी हातानेच थांबवलं. कुंपण रिकामं दिसायला लागलं.

अपघातानंतर आठव्या दिवशी त्या गावची माझी एक विद्यार्थिनी वर्गानंतर थांबली. म्हणाली, "मॅडम, नाल्याकडच्या वावरात कापूस वेचाले कोनी यून नाही राह्यलं. अन् आमच्या शेजारच्या शालूवहिनीनं लेकराले अंगावरचं पाजनं बंद केलं. तिच्या अंगात जहर गेलं म्हन्ते. दूध पिळून मातीत टाकते, अन् रडते."

मी ते संध्याकाळी कुंपणावरून, बोलता बोलता, भाऊंना सांगून गेले. मला वाटलं नव्हतं की ते उठून उभे राहतील.

"केवढं आहे लेकरू?"

"पाच महिन्यांचं."

ते आत गेले. सकाळी सूर्य वर यायच्या आत आमच्या दारात हजर. "मॅडम, तुमची थे पन्हाळ घ्या. मी नुसतं सांगितलं तं आयकनार नाहीत. जहर म्हनताना आयकलं आहे मले त्याहिनं."

मी आधी ग्रामीण रुग्णालयातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, सगळं खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, मोकळ्या हवेत दोन-चार मिनिटं वास गेला, त्यानंतर त्या बाईला काही त्रास नाही, तर आजच पाजू द्या. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी मात्र तपासल्याशिवाय कोणी पिऊ नका. मग आम्ही निघालो.

गावात भाऊंचं स्वागत झालं. समाजमंदिरासमोर खुर्ची आणली, कोणी नारळही आणला. 'यानंच वाचवलं आपल्याले,' असं एक म्हातारा सगळ्यांना सांगत होता. मला वाटलं, हा माणूस आता गप्प बसला तरी चालेल. डॉक्टरांचं मी सांगेन, नारळ घेऊन परत जाऊ. भाऊ खुर्चीवर बसले नाहीत.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "थे औषध नव्हतं. जहर नव्हतं. पेट्रोलसारखंच तेल होतं."

एकदम गलका उठला. एकजण अंगावर धावून आला, "आठ रोज झाले आमचा कापूस वावरात लोंबून राह्यला!" नारळ कोणीतरी परत उचलून नेला. गर्दीतून ती कडेवर तान्हं घेतलेली बाई पुढे आली. शालू. डोळे सुजलेले.

"मंग खोटं काहून बोलले तुमी?"

"पहिले खरंच सांगितलं होतं, बाई," भाऊ म्हणाले. "तवा तुमी लोकं दुसरा डबा आनाले गेलते."

दोघं-तिघं हसायला गेले आणि मध्येच थांबले.

मी पन्हाळ लावली. भाऊंनी एका हाताने बाटलीतलं पेट्रोल बोळ्यावर ओतलं. झोळीतल्या हाताचा धक्का लागून थोडं त्यांच्या शर्टावर सांडलं. त्यांनी सगळ्यांना वीस पावलं मागे सरकवलं, स्वतः त्याहून लांब बाभळीच्या कुंपणाकडे गेले आणि तिथून म्हणाले, "काडी तुमी ओढा मॅडम. माह्या हातानं होत नाही."

मी खालच्या टोकाशी मेणबत्ती लावली आणि मागे झाले. काही दिसत नव्हतं. एक बाई म्हणाली, "काही तं नाही होत." तेवढ्यात भक्कन ज्वाळ पन्हाळीतून उलटी वर चढली. बाया किंचाळल्या. माझ्या मागे एक माणूस हळू आवाजात, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "माह्या गाडीचं इंजिन चालूच होतं."

शालू तिथून घरी गेली. मी डॉक्टरांचा निरोप सांगायला तिच्या मागे गेले, माझ्या मागून भाऊ. तिच्या सासूने आम्हा दोघांनाही आत बोलावलं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. महिन्याभरातच भाऊ आणि वहिनी बोरी अरब या गावी, त्यांच्या भावाच्या शेतावर राहायला गेले. माझं तिकडे जाणं झालेलं नाही. नोकरी परत मिळाली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. मला त्यांची फार आठवण येते. ठेचा झाला की सासूबाई अजून सवयीने एक वाटी बाजूला काढतात. आणि मला भाऊ दिसतात ते वणीतले नव्हेत, त्या गावातले, शालूच्या घरासमोरचे.

कारण ते आत आलेच नाहीत. शर्टावर पेट्रोल सांडलं होतं, आणि घरात चूल पेटलेली होती, तान्हं लेकरू होतं. मोडक्या हाडाने त्यांना शर्ट काढता येईना, मी एक बाही ओढली. तो त्यांनी अंगणाच्या पार टोकाला, कुंपणावर टांगला आणि बनियनवर, हात झोळीत, उन्हात उभे राहिले. दाराकडे पाठ करून.

आत शालू भिंतीकडे तोंड करून बसली. लेकराने दोनदा मान फिरवली. आठ दिवसांत विसरलं की काय, असं सासू पुटपुटली. मग ते लागलं. शालू रडत होती, पण तो रडण्याचा आवाज वेगळा होता. मी बाहेर आले.

"पेते का?" भाऊंनी वळून न पाहता विचारलं.

"पितंय."

त्यांनी मान हलवली. शालूची सासू चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आता तं या ना भाऊ आत." भाऊंनी कुंपणापर्यंत जाऊन शर्टाचा वास घेतला, मग अंगातल्या बनियनचा.

"अजून नाही, माय," ते म्हणाले, आणि चहा तिथेच उन्हात उभ्याने प्यायले.